चाळीस जोड आणि एक डावा बूट

मी, यशोधन काशीनाथ टिपणीस, वय त्रेपन्न, राहणार मेडनहेड, पूर्ण शुद्धीत आणि चार वर्षांच्या ताज्या रागात हे लिहून ठेवतो. पुढच्या आठवड्यात डॉक्टर माझं हृदय उघडणार आहेत. ते बंद होईलच याची खात्री नाही. सॉलिसिटर म्हणाला, इंग्रजीत करा. पण ज्यांना ऐकवायचंय ते इंग्रजीत सोयीस्कर बहिरे होतात.

१. राहतं घर आणि माझी कुत्री चिंगी मी पुतणी मंजिरी हिला देतो. अट एकच. सणाला माणसं जमली की चिंगी मागच्या खोलीत, रेडिओ चालू, कुलपाची किल्ली मंजिरीच्या गळ्यात. आणि पोर्चमध्ये एकही चप्पल नाही.

कारण सांगतो. ५ नोव्हेंबर १९९४, शनिवार. आपली भाऊबीज आणि इथल्या गोऱ्यांचं फटाके उडवणं एकाच दिवशी. माझ्या तेव्हाच्या कुत्र्याला, बंड्याला, मी खोलीत ठेवून दारावर दोन भाषांत चिठ्ठी लावली होती: उघडू नये. माझा धाकटा भाऊ उदय, कार्डिफहून आलेला, दोन्ही भाषा वाचता येणारा. "सणासुदीचं कोंडून काय ठेवतोस रे दादा, माणसांत येऊ दे त्याला," म्हणत त्याने दार उघडलं. तेवढ्यात बाहेर पहिला बार झाला. पुढचं दार तरी लागलेलं असावं? आपण पडलो संस्कारी. चाळीस जोड उंबऱ्यावर काढलेले, त्या ढिगात दार अडकून वीतभर उघडं. बंड्या त्यातून गेला.

मी रस्त्यावर हाका मारत होतो. उदय पोर्चमध्ये ओणवा. "दादा, माझा डावा बूट कोणी नेला बघ ना. नवे आहेत रे." त्याची बायको सीमा म्हणाली, "कुत्रं ते, भूक लागली की येईल, भावजी. पानं वाढलीयेत."

त्यांची पंधरा वर्षांची मंजिरी तेवढी मोज्यांवर माझ्यामागे धावली. "काका, बंड्या तिकडे गेला का?" रेल्वेच्या पुलापर्यंत तिचे मोजे फाटले होते. घर तिला का, हे आता कोणी विचारू नये.

२. मी स्वतः बनवलेली चाळीस खणांची चपलांची मांडणी मराठी मंडळाला. चार वर्षं "बघू" म्हणताहेत. आता भिंतीला ठोकून द्यावी, खिळेही देतो.

३. सुतारकामाची हत्यारं रीडिंग गावातला मित्र रवी याला. तो येतो तेव्हा दार लावून घेतो.

४. सीमाला माझी पितळी ताटं. तिची पानं वाढलेलीच बरी.

५. उदयला कपाटातला खोका. पुलाखाली दुसऱ्या दिवशी सकाळी बंड्या सापडला, गाडीने उडवलेला. हनुवटीखाली तुझा डावा बूट होता. घरात त्याचा जीव तुझ्यावर होता; घाबरला तेव्हा तुझंच काहीतरी तोंडात धरून पळाला. हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. बूट पुसलेला नाही. उजवा तुझ्याकडे असेलच.

वरील सर्व वाचून, समजून, माझ्या हाताने सही करतो.

यशोधन का. टिपणीस
मेडनहेड, ११ ऑक्टोबर १९९८

आम्हा दोघांसमोर सही झाली. चिंगी टेबलाखाली होती. दार लावलेलं होतं.
साक्षीदार: शैला चौबळ, विष्णू गडकर