अकरा मांजरांची साक्ष

मिरकरवाडा, रत्नागिरी
१४ मे २००८

मोठे भाई रमजान यांस,

अस्सलामु अलैकुम. धाकटी बहीण हफीजा हिचा तुम्हाला, रुबिनाभाभींना आणि अद्नानला सलाम. अल्लाहच्या मेहरबानीने इकडे मी, घर, विहीर आणि मांजर सगळी ठीक आहोत. तुमची साखर आता किती आहे ते भाभींनी लिहावं, तुम्ही लिहू नये (तुम्ही दर वेळी मागच्या वर्षीचाच आकडा सांगता). गुडघ्याला तेल चोळता की तेलाची बाटली नुसती उशाशी ठेवून झोपता, तेही भाभींनीच कळवावं. अद्नानला म्हणावं, आत्याने तुझ्यासाठी सुकी आंबापोळी पाठवली आहे, ती बापाच्या हाती लागू देऊ नकोस.

गेल्या शुक्रवारी तुमचा फोन आला. सलाम राहिला बाजूला, तुम्ही एकदम ओरडायलाच लागलात, की हफीजा, ऑर्कुटवर तुझी बदनामी चालली आहे, एका आठवड्यात अकरा जणांनी लोणच्याला नावं ठेवली आहेत, अकराही जणांच्या फोटोत एकच मांजर आहे, ही कुणा दुश्मनाची टोळी आहे, त्याचं नाव सांग. मी सांगणार इतक्यात फोन कट झाला. (कट झाला नाही, मीच ठेवला. चुलीवर दूध उतू जात होतं आणि तुम्ही श्वास घ्यायला थांबत नव्हता.) नाव एक नाही भाई, अकरा आहेत, आणि ती फोनवर समजावता येणार नाहीत. ईमेल कर म्हणाल, तर ईमेल मला राहीला तोंडी सांगावी लागते. राहीचं एसटीडी, झेरॉक्स आणि इंटरनेटचं दुकान तुम्ही पाहिलं आहे. तिथे झेरॉक्सला आलेली माणसं आपले कागद विसरून माझा मजकूर ऐकत बसतात आणि मध्येच सुधारणाही सुचवतात. म्हणून हे पत्र. पलीकडच्या गल्लीतला रय्यान सुट्टी संपवून सोमवारी दोह्याला परत निघाला आहे, त्याच्याकडे एका बरणीबरोबर देते आहे. त्याने वाटेत बरणी उघडली तर मला कळवा, पत्र उघडलं तर राहू द्या, त्याला निम्मं ठाऊकच आहे.

आपला ठराव काय झाला होता ते आधी लिहिते, कारण रागाच्या भरात तुम्ही तो विसरला असाल. अलिझाचे अब्बा गेले, मग अलिझा लग्न होऊन सासरी गेली, आणि तुम्ही म्हणालात की आता एकटी काय करतेस, घराला कुलूप लाव आणि मुंब्र्याच्या माझ्या फ्लॅटमध्ये जाऊन राहा. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटची मी बदनामी करत नाही. पण तिथे खिडकी उघडली की समोरच्या बाईची खिडकी उघडते, आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघून परत खिडक्या लावतो. मी म्हटलं, मला कोलंबीचं लोणचं करून विकू द्या. तुम्ही म्हणालात, एक हंगाम देतो. पावसाआधी होड्या वर ओढेपर्यंत लोणचं आपल्या पायावर उभं राहिलं तर राहा मिरकरवाड्यात, नाहीतर मी सुट्टीवर येईन आणि तुझी बॅग मी स्वतः भरीन. मी मान डोलावली. मनातून मला इतकी भीती वाटली होती की त्या दिवशीच्या बरणीत मी मोहरी दोनदा घातली.

त्यानंतर तुमच्या कंपनीने तुम्हाला दोन दिवस त्या मार्केटिंगच्या शिबिराला बसवलं, आणि तिथून पुढे माझं नशीब फिरलं. तुम्ही स्टोअरकीपर, तुम्हाला तिथे कशाला बसवलं हे मला अजून कळलेलं नाही (भाभी म्हणतात, एक खुर्ची रिकामी होती). तुमच्या ईमेलवर ईमेल यायला लागल्या. माल विकू नकोस, लोकांना उपयोगाची माहिती दे, गोष्टी सांग, ओळख वाढव, मग गिऱ्हाईक आपल्या पायाने येतं. लोणच्याला तुम्ही इंग्रजी नावही दिलंत. ते राहीने मोठ्याने वाचलं तेव्हा दुकानातल्या एकाने विचारलं की हा साबण अंगाचा की कपड्यांचा. मी बरणीवर गुपचूप "मिरकरवाड्याचं कोलंबीचं लोणचं" एवढंच लिहिलं. हसऱ्या चेहऱ्याचा फोटो मागितलात, तो मी दिला नाही. राहीने माझा हात आणि हातातली बरणी तेवढी घेतली. मागे भिंतीवर मांजर येऊन बसलं. पहिल्या महिन्यात राहीने ऑर्कुटवर उघडलेल्या लोणच्याच्या पानावर चाळीस माणसं येऊन गेली आणि त्यांतल्या छत्तिसांनी मांजराचं नाव विचारलं.

तरी मी तुमचं ऐकत होते. लिहिणं मला नवीन नाही. मोबाइल येईपर्यंत वीस वर्षं या गल्लीतल्या बायकांची कुवेतची, मस्कतची, दोह्याची पत्रं मीच लिहिली आणि आलेली मीच वाचून दाखवली. कुणाच्या नवऱ्याला काय लिहायचं आणि काय गाळायचं यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. तेव्हा उपयोगाची माहिती म्हणून मी एक झकास लेख लिहिला, "ताजी कोलंबी कशी ओळखावी". डोकं घट्ट हवं, कवच चमकायला हवं, डोक्याशी काळं पडलं असेल तर हात लावू नये, वगैरे. राहीने तो ऑर्कुटवर घातला आणि हौसेने त्याच्या झेरॉक्स काढून काउंटरवरही ठेवल्या. तिसऱ्या दिवशी मासळीबाजारात बायका झेरॉक्स हातात धरून एकेका कोलंबीचं डोकं ओढून बघत होत्या. आणि त्या बघत होत्या कुणाच्या टोपलीत, तर कमळाच्या. आपली कमळा, पंचवीस वर्षं मला कोलंबी देणारी, अलिझाच्या लग्नात तीन दिवस आमच्या चुलीपुढे बसलेली. ती टोपली घेऊन थेट माझ्या दारात आली आणि म्हणाली, "गो हफीजा, माजी कोलंबी काय आता कागद वाचून ताजी व्हायची?" मी बोलायला तोंड उघडलं तर म्हणाली, "लिव, आजून लिव." आणि गेली. पंधरा दिवस तिने मला कोलंबीची एक मिशीसुद्धा दिली नाही. मी लिलावातून अनोळखी माणसाकडून माल घेतला आणि साफ करताना रडले. कोलंबीमुळे नाही, कमळामुळे.

आणि अशा वेळी तुम्ही काय केलंत? तुम्ही माझी तारीफ लिहिलीत. ऑर्कुटवर, सगळ्या जगाला दिसेल अशी, इंग्रजीतून. साऱ्या कोकणात असं लोणचं नाही, माझ्या बहिणीसारखा हात नाही, एकदा खाल तर दुसरं खाणार नाही. तुमच्या दोह्याच्या चार दोस्तांनीही खाली तसंच लिहिलं (त्यांतल्या दोघांनी लोणचं चाखलेलंसुद्धा नाही, भाभींनी मला सांगितलं). राहीने मला अर्थ सांगितला. वाचून मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा मला बरं म्हटलंत. पण भाई, चार ओळी, सात विशेषणं, आणि त्यात दृष्ट टाळायला एक माशाअल्लाह नाही! सगळ्या दुनियेसमोर एवढं कौतुक उघडंवाघडं ठेवलंत. तिसऱ्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरातली फळी भरलेल्या बावीस बरण्यांसकट खाली आली. मला माहीत आहे की खिळे खाऱ्या हवेने गंजले होते. मी काही खुळी नाही. पण तेच खिळे सहा वर्षं गंजून टिकले होते आणि तुमची तारीफ तीन दिवस टिकू शकले नाहीत, हेही मी विसरू शकत नाही. मी त्या लाल तेलात उभी राहिले आणि मला मुंब्र्याची खिडकी दिसायला लागली.

आवाज ऐकून पहिली धावत आली ती कमळा. आमचं बोलणं नव्हतं, म्हणून ती न बोलताच काचा वेचायला लागली. मग राहवलं नाही तेव्हा विचारलं, कुणी काय बोललं का तुला? मी तुमच्या तारिफेचं सांगितलं. तिने कपाळावर हात मारला. काचा टाकून, हात पदराला पुसून ती तडक राहीच्या दुकानात गेली आणि म्हणाली, हफीजाच्या लोणच्यावर मला लिहायचं आहे, लिही: मीठ जास्त असतं. बरणीचं झाकण घट्ट आणि बाईचं तोंड सैल. राहीने तिच्या नावाने खातं उघडून ते लिहिलं. फोटो द्यायला कमळा तयार नव्हती, म्हणून राहीने मांजराचा लावला. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं आणि दुसऱ्या दिवसापासून रांग लागली. गंगुबाईने लिहवलं की मागच्या वर्षीचं बरं होतं (मागच्या वर्षी मी लोणचं विकतच नव्हते). कुणी लिहवलं की कोलंबी बारीक, कुणी की बरणी अपुरी भरते. वरच्या आळीतल्या आनंदीबाई, निवृत्त शिक्षिका, जन्मात मासळीला शिवलेल्या नाहीत, त्या रिक्षा करून आल्या आणि त्यांनी लिहवलं की या लोणच्याच्या वासाने माझा जीव जातो. अकरांत खरं बोललेल्या तेवढ्या एकट्या. जाताना त्यांनी बाकीच्या दहाजणींचं शुद्धलेखनही तपासलं. ऑर्कुटवर असं काही कुणी लिहिलं की ज्याच्याबद्दल लिहिलं त्याची मंजुरी लागते. तेव्हा ती बदनामी, भाई, मी स्वतः बसून अकरा वेळा मंजूर केली आहे, आणि दर वेळी मला हुंदका आणि हसू बरोबरच आलं.

तुम्ही सव्वीस वर्षं तिकडे आहात म्हणून विसरलात. बाळाच्या गालाला तीट लावतात ती बाळ वाईट दिसावं म्हणून नव्हे. नव्या टेम्पोमागे फाटकी चप्पल बांधतो तो टेम्पोचा दुश्मन नसतो. या बायकांनी माझ्या लोणच्याला तीट लावली, एवढंच झालं. ती जरा जास्त लागली, कारण तुमची तारीफही जास्त होती.

आता पुढचं ऐका. फळी पडल्याच्या दहाव्या दिवशी विक्रोळीहून कुणा राजेंद्रचा निरोप आला. मूळचा संगमेश्वराकडचा, बँकेत नोकरीला. त्याने लिहिलं होतं: "ही नावं ठेवणारी माणसं आमच्याकडची दिसतात. मी बँकेत लागलो तेव्हा माझी आई येसूबाई शेजारणींना सांगत होती, लागलाय कुठेतरी, टिकतोय कुठचा. ज्या बाईला घरचेच लोक एवढी नावं ठेवतात आणि जी ती झाकत नाही, तिचं लोणचं चांगलंच असणार. सहा बरण्या पाठवा." मी पाठवल्या. त्याचं उत्तर आलं, आई म्हणाली, बरं आहे. आपल्या मुलखातल्या म्हातारीने बरं आहे म्हटलं म्हणजे काय, ते तुम्हाला समजावून सांगायला नको. त्याच्या मागून त्याची बँक आली, मग बोटीवरचे खलाशी आले, मग कुवेतहून ती माणसं आली ज्यांची पत्रं मी एके काळी लिहीत होते. कमळा पुन्हा रोज सकाळी माझ्या दारात पहिली टोपली उतरवते आणि वर झेरॉक्स दाखवू का म्हणून विचारते. होड्या वर ओढायला अजून पंधरा-वीस दिवस आहेत आणि माझ्याकडे तुमच्या बरणीशिवाय आजच एकही बरणी शिल्लक नाही. नवी फळी बसवली आहे. मी फार खूश आहे भाई, आणि हे मी फक्त पत्रात लिहिते, बाहेर कुठे बोलत नाही.

तुम्हा सर्वांना दुआ. काही कमीजास्त लिहिलं गेलं असेल तर धाकटी म्हणून माफ करा. तब्येतीला जपा आणि फोनवर मध्ये मध्ये श्वास घेत चला.

तुमची बहीण,
हफीजा

ता. क. सुट्टीवर याल तेव्हा माझी बॅग भरायला म्हणून येऊ नका. तुमचीच बॅग रिकामी आणा, जाताना लोणचं न्यायला लागेल. मुंब्र्याच्या फ्लॅटला चांगला भाडेकरू बघा, आणि समोरच्या खिडकीतल्या बाईला माझा सलाम सांगा.

दुसरी ता. क. बरोबरच्या बरणीत मीठ खरोखरच जास्त पडलं आहे. कमळाला कळू देऊ नका.

तिसरी ता. क. हे पत्र ज्यासाठी लिहिलं ते राहूनच गेलं. तुमची ती तारीफ काढून टाका आणि तिथे काहीतरी वाईट लिहा. बारावी जागा मी तुमच्यासाठी ठेवली आहे, मांजराचा फोटो राहीकडे तयार आहे. लिहिताना हात आखडता घेऊ नका. आठवतं ना, तुमचा दहावीचा निकाल लागला तेव्हा पेढे वाटताना आई दारोदार सांगत होती, ढ आहे, कसाबसा पास झाला. तुम्ही त्या दिवशी जेवला नव्हतात. आईने जन्मभर तुम्हाला इतकी नावं ठेवली, मला त्याच्या निम्मीसुद्धा ठेवली नाहीत. माझी ती राहिलेली कसर आता तुमच्याशिवाय कोण भरून काढणार?