क्लोदोमीरोने बांधलेल्या भिंती

यादिरा,

तू आणि बाळ शांत झोपला आहात, म्हणून उठवले नाही. मी तोंडाला ओले फडके बांधून तुझ्या धाकट्या आजोबांना, क्लोदोमीरोला, आणायला चालले आहे. सकाळचे नऊ वाजले तरी बाहेर काळोख आहे. तुंगुराहुआ डोंगर कालपासून राख ओकतो आहे.

मघाशी दार उघडले, तर उंबऱ्याबाहेर घोटाभर राख. आत टेबलावरून बोट फिरवले, तर बोट स्वच्छ! मी कितीतरी वेळ त्या बोटाकडेच बघत राहिले. साठ वर्षांपूर्वी क्लोदोमीरोने या हातभर जाडीच्या मातीच्या भिंती ठोकल्या आणि खिडकी टोपलीएवढीच ठेवली. मी तेव्हा नवी नवरी. म्हणाले, "भावजी, घर आमच्यासाठी बांधताय की गिनीपिगांसाठी?" तो म्हणाला, "हसा, वहिनी. डोंगर झोपलाय, मेला नाही."

आणि आज तोच फटी पडलेल्या पत्र्याखाली खोकतो आहे. बारा वर्षांपूर्वी मीच त्याला या दारातून परत पाठवले होते. कशावरून, ते आता लिहीत नाही.

आम्ही आलो की बाहेरचे दार लागल्याशिवाय आतले उघडू नकोस. छपरावर पाणी ओतू नकोस, भिजलेली राख दगडासारखी जड होते. मक्याचे सूप गरम ठेव. त्याला काही विचारू नकोस.

येत नाही म्हणाला, तर त्याच्याच दारात राखेत बसून खोकत राहीन. ते त्याला फार वेळ सहन व्हायचे नाही.

आजी सोइला