रामाच्या मुकुटातली कैकेयी

सापगाव, माघ वद्य पंचमी, १९३८

तीर्थस्वरूप कमळाकर दाजींना मेहुणा कुंडलिकचा वाकून दंडवत. तुमचा गुडघा आता मांडी घालू देतो का? ताराक्काचा खोकला बसला असेल. (तिचं खोकणं मुरबाडहून सापगावापर्यंत ऐकू येतं, म्हणून विचारलं.)

मी मात्र खुशाल नाही. दाजी, सहा वर्षांपूर्वी शहापुरात मी कैकेयी केली आणि जन्माचा घात करून घेतला. कोपभवनात केस मोकळे सोडून असा लोळलो, की बाया डोळे पुसता पुसता माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत होत्या. मला वाटलं, आता नाव झालं. झालं, पण कैकेयीचं! पुढे भीम केला, हरिश्चंद्र केला (घसा बसेपर्यंत रडलो), पण या लोकांच्या डोक्यात दुसरं शिरेल तर शपथ. धसईच्या बाजारात धोंडीबाई भाजीवाली मला वांगी देईना. म्हणते, "रामाला कंदमुळं खायला लावलीस नि तुला भरीत पायजे? नाय देत, जा!"

शेवटी धसईच्या नाटक मंडळींचे पाय धरून पौषातल्या जत्रेत रामाचं काम मिळवलं. मिशी उतरवली, अंगाला नीळ फासली (कानामागे अजून आहे), डोक्यावर मुकुट चढवला. वनवासाला निघालो. लक्ष्मण हुंदके देतोय, सीता झालेला राघो न्हावी पदर सावरतोय, आणि पुढ्यात बसलेली धोंडीबाई ताडकन उठली. "भरताची आय चालली गो रानात! आता भोग, भवाने!" सगळ्या मांडवाने टाळ्या पिटल्या. मूर्च्छित पडलेला दशरथसुद्धा पोट धरून हलायला लागला! माझं डोकं फिरलं. कमरेवर हात ठेवून ओरडलो, "मी राम हाय गो, राम!" मेला आवाज नेमका कैकेयीचा निघाला. मंडळींनी पडदा ओढला.

असल्या रसिकांपुढे नंदीबैल नाचवावा, माणसाने नाचू नये. मी तोंडाला रंग लावणं कायमचं सोडलं. दाजी, हा माझा शेवटचा शब्द.

आपला,
कुंडलिक

ता. क. डोळखांबकरांनी रामनवमीला कैकेयीसाठी बोलावलंय. मी साफ नाही म्हणालो. (त्यांनी पुन्हा विचारलं.) ताराक्काचा हिरवा शालू कोणाबरोबर तरी धाडा. तिला विचारत बसू नका.

आणखी ता. क. राम म्हणून त्यांनी देवजी पाटलाचा जावई उभा केलाय. मांडवाचा खांब बरा! दाजी, या खेपेस मी चौदा वर्षांवर भागवणार नाही.