हार्मोनिका माडीवर राहायला आला त्याची हकिगत

स्त्रूमित्सा,
मिरच्या भाजण्याचे दिवस

प्रिय आणि आदरणीय फिमकाताई,

तुझ्या गालांवर आपल्या रीतीचे तीन मुके, नाऊम दाजींना मिठी आणि तुझ्या गुडघ्याची वेगळी विचारपूस. कारण गेल्या पत्रात तू गुडघ्याबद्दल जितकं लिहिलंस तितकं दाजींबद्दलही लिहिलं नव्हतंस. आम्ही देवाच्या दयेने ठणठणीत. स्पासियाचा रक्तदाब चढतो, पण तो मी घरात शिरलो की चढतो, तेव्हा त्याला आजार म्हणता येत नाही. मेलबर्नला आता वसंत लागला असेल. (तुमचं सगळंच उलटं.)

तर बातमी अशी की आमच्या बिसेराने (लेक राजधानीत, स्कोप्येला राहते आणि फोनवरून आम्हाला वळण लावते) माडीवरची खोली इंटरनेटवर भाड्याने लावली. वर लिहिलं, ‘पाहुण्यासारखे नको, गावकऱ्यासारखे राहा.’ मी म्हटलं, अगं, गावकऱ्यासारखं राहायला कोण पैसे मोजेल? तुझ्या फिमकाआत्याने तर इथून सुटायला मोजले होते! पण एक जण आलाच. हार्मेन नावाचा डच, निवृत्त ट्रामचालक, विधुर, विजेच्या खांबाएवढा उंच. आपली भाषा पुस्तकातून शिकलेला, त्यामुळे मीठ मागतानाही प्रवचन दिल्यासारखा बोलतो. गावाने दुसऱ्याच दिवशी त्याचा हार्मोनिका करून टाकला.

पहिल्या संध्याकाळी स्पासियाने टीव्हीवर बघून साय घातलेल्या शेवया केल्या, लग्नातला टेबलक्लॉथ काढला. हार्मोनिकाने ताटाकडे कोर्टाच्या समन्सकडे बघावं तसं बघितलं आणि विचारलं, “माननीय बाई, आपण स्वतः काय जेवणार आहात?” आमच्यासाठी मडक्यात कालचा राजमा होता. तो स्वयंपाकघरात आला, माझ्या आणि चुलीच्या मधे बसला आणि मडकं पुसून खाल्लं. शेवया कोंबड्यांना घातल्या. (कोंबड्यांनीही एकमेकींकडे बघितलं.) सकाळी विचारतो, “आता गावकरी काय करतील?” मी खरं तेच सांगितलं, “दवाखान्यात रांग लावतील.” तर तोही आला! काही दुखत नसताना माझ्या शेजारी बाकावर बसला, म्हाताऱ्या रिस्तानाच्या पित्ताशयाची साद्यंत कथा ऐकली, आणि परतताना म्हणाला की इतका चांगला दिवस त्याने कुठल्या राजवाड्यातही काढला नव्हता. पुढे दोने सुतार वारला. मी म्हटलं, तू कशाला येतोस, तू त्याला पाहिलंही नव्हतंस. म्हणाला, “गावकरी जातात ना?” गेला, आणि कबरीपाशी असा रडला (बहुधा स्वतःच्या बायकोसाठी, आम्ही कोणी विचारलं नाही) की तोवर घड्याळ बघणारी दोनेची मुलं लाजून रडायला लागली. दोनेच्या विधवेने मयताला वाटतात त्या उकडलेल्या गव्हाचा पहिला चमचा त्याच्याच हातावर ठेवला.

मग मिरच्या आल्या. वर्षभराची मिरच्यांची चटणी, आपला आयवर, घालण्याचे दिवस काय असतात ते तुला सांगायला नको: गल्लीभर धूर, प्रत्येक अंगणात कढई, आणि भाजून, सोलून, ढवळून बायकांचे हात कोपरापर्यंत लाल. हार्मोनिकाने भट्टीत डोकं घालून भुवया जाळून घेतल्या, पण कढईतलं उलथनं सोडलं नाही. स्पासिया मला म्हणाली, “बघ, पुरुष असा असतो.” इथवर सगळं गोडीगुलाबीने चाललं होतं. पण आयवर बरण्यांत भरल्यावर हा प्राणी शेजारच्या वेल्यांकाकडे कॉफीला गेला, तिचा आयवर पावाला लावून खाल्ला आणि पुस्तकी भाषेत, उघड्या खिडकीपाशी, म्हणाला, “बाई, हा अधिक उत्तम आहे.”

ताई, स्पासिया दोरीवर कपडे वाळत घालत होती. नुसती आत गेली आणि तिने दार लावलं. त्या दिवशी टेबलावर पुन्हा टेबलक्लॉथ आला आणि हार्मोनिकापुढे शेवया आल्या. मला खरंच वाईट वाटलं. तिला आईकडून मिळालेलं दुसरं काही नाही, एवढा आयवरचा हातच मिळालाय. आणि त्याच्या चेहऱ्यावर असं दुःख की दोनेच्या मयताला बरं होतं. बिसेराने त्याला फोनवर सांगितलं की फुलं नेऊन माफी मागा. मी म्हटलं, असलं काही केलंस तर संपलास. आपल्याकडे माफी मागत नाहीत.

सकाळी तो खाली आला, उरलेल्या मिरच्यांचं टोपलं ओढलं, पायरीवर बसला आणि सोलायला लागला. आणि सोलता सोलता शिव्या द्यायला लागला. सरकारला, हवेला, यंदाच्या जाड सालीच्या मिरच्यांना, बाजारातल्या चोरांना. एक शब्द पुस्तकातला नव्हता. स्पासिया दाराआडून ऐकत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

“अरे, साल अशी ओरबाडतात का, गाढवा? दे इकडे ती सुरी!”

आणि कॉफीचा कप त्याच्यापुढे आदळला. ताई, पाहुण्याला कोणी गाढव म्हणत नाही. त्यालाही ते कळलं. बिनभुवयांचा तो चेहरा असा उजळला की मलाच पाणी आणायच्या निमित्ताने विहिरीकडे जावं लागलं.

बाकी सर्व क्षेम. दाजींना म्हणावं, वाइन कमी करा. पत्र लांबलं, कारण ते संपलं की सोलायला मलाही बसवतील.

तुझा धाकटा भाऊ,
ग्लिगोर

ता. क. पत्र लिहिण्याचं कारण राहिलंच. हार्मोनिकाने हिवाळाभर खोली मागितली आणि स्पासियाने मला न विचारता शब्द दिला. तू दिमित्री संताच्या सणाला येते आहेस आणि ‘माझ्या लहानपणच्या पलंगावर झोपेन’ असं लिहिलं आहेस. तो पलंग त्याच खोलीत आहे. स्वयंपाकघरातला दिवाण चुलीजवळ आहे, गुडघ्याला फार चांगला. नाही म्हणू नकोस.

ता. क. २. तू येणार हे त्याला सांगितलं. तो फारसा खूश दिसला नाही. म्हणाला, “परदेशातली माणसं आठ दिवस येतात, फोटो काढतात आणि गाव बिघडवून जातात.” पण मनाचा मोठा आहे, गाव दाखवायला तुला स्वतः नेईन म्हणतो. फक्त एवढंच विचारत होता, “बाईंना आपली भाषा येते का?” मी म्हटलं, येते, पण उच्चार जरा बाहेरचे आहेत, सांभाळून घे.