आईच्या कपाटाला वाळवी

बाबा,

आई गेल्यापासून बंद असलेलं तिचं कपाट मी आज तुम्हाला न विचारता उघडलं. हवं तर रागवा. भिंतीवरची मातीची रेघ थेट त्याच्या मागे गेलेली दिसली, मग राहवेना. वाळवीने मागची फळी पोखरलीय, पण तुम्ही रंधा मारून केलेली दारं शाबूत आहेत, उगाच जिवाला लावून घेऊ नका.

दुपारी औषध मारणारा येईल. त्याच्याशी हुज्जत न घालता शेजारच्या काकांकडे जाऊन बसा. कपडे गच्चीवर उन्हात टाकलेत, मी कामावरून आले की दोघं मिळून घड्या घालू.

तिचा वास उडून जाईल म्हणून तुम्ही दार उघडू देत नव्हतात, कळतं मला. म्हणून तिची करडी शाल उन्हात नाही टाकली. तुमच्या उशाशी ठेवलीय.

ठकी