खालचा उजवा कोपरा

५ जानेवारी, सोमवार

'परदेशीच येणार' — पान नऊ, दोन कॉलम. इतक्या खात्रीने लिहिलंय, जणू बातमीदार समितीच्या मांडीवर बसला होता! अजून मुलाखती व्हायच्या आहेत. देशाच्या फुटबॉल संघाचा पुढचा प्रशिक्षक कोण, याचा निकाल महिनाअखेरीस. यादीत तीन नावं उरली. दोन परदेशी, तिसरा आपला कल्पेश कोळी. परदेशी दोघांवर चाळीस ओळी, कल्पेशवर दीड. त्या दीड ओळीतही गाव चुकवलं — म्हणे अलिबागचा. त्याचं करंजा उरण तालुक्यात आहे, अलिबाग समोरच्या काठाला. नकाशा उघडायला किती वेळ लागतो?

कारखान्यात सत्यजीतला दाखवलं. आमच्या ड्रॉइंग सेक्शनचा नवा इंजिनीअर, वय सव्वीस. म्हणाला, काका, आपला संघ हरतोच, मग गोऱ्याच्या हाताखाली हरू दे, निदान इंग्रजी तरी चांगलं ऐकायला मिळेल. सगळे हसले. मी नाही हसलो. गेल्या चार वर्षांत आपल्या संघाने किती गोल खाल्ले, विचारलं. कुणालाच माहीत नाही. मला माहीत आहे. सत्तावन्न.

६ जानेवारी, मंगळवार

त्या पदाची जाहिरात पुन्हा वाचली. पात्रतेची सहा कलमं. पहिलं कलम पदवी, दुसरं प्रशिक्षकाचा परवाना, तिसरं परवान्याचा दर्जा. खेळ चौथ्या कलमात येतो. चौथ्या! आपल्या संघाचे सामने पाहिले आहेत का, हे कुठेच विचारलेलं नाही.

मी दहावी. ड्रॉइंग शिकलो ते दुसऱ्यांचे नकाशे गिरवून, फुटबॉल शिकलो तेही तसंच. मला कुणी पदवी दिली नाही आणि मी मागायला गेलो नाही. एकतीस वर्षं कारखान्यात टाक्या, पाइप, कंडेन्सर काढतोय. कागदाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात चौकट असते — काढले, गिरवले, तपासले, मंजूर. पहिली अठरा वर्षं 'काढले'च्या पुढे माझं नाव नव्हतं. काढायचं मी, नाव डिप्लोमावाल्याचं. नियमच तसा होता म्हणे.

पुरे. 

७ जानेवारी, बुधवार

संध्याकाळी कल्पेश आला होता. एकोणचाळीस वर्षांचा झाला, कानशिलं पांढरी व्हायला लागलीत. पायातले बूट अजूनही दाराबाहेर जोडीने, टाचा भिंतीकडे करून ठेवतो. ती शिस्त माझी. त्याची आई जनी इथे पनवेलला उरण नाक्यावर मासे विकायला बसते, चाळीस वर्षं तीच जागा. तो लहान असताना तिच्याबरोबर यायचा आणि मी संध्याकाळी मुलांना खेळवायचो त्या मैदानात घुसायचा. पुढे मुंबईत बँकेच्या संघातून खेळला, परीक्षा दिल्या, वरच्या दर्जाचा परवाना मिळवला, गोव्याच्या क्लबला दोनदा दुसऱ्या नंबरावर आणलं. सगळं स्वतःच्या जोरावर. माझं त्यात काही नाही. थोडं आहे.

म्हणाला, "काका, तुमचे ते कागद बघू."

काढून दिले. प्रत्येक खाल्लेल्या गोलाचा एक ट्रेसिंग पेपर. मैदान १:३५० प्रमाणात, बॉल कुठून निघाला, कुणाच्या पायातून गेला, आपले अकरा त्या क्षणी कुठे उभे. उत्तरार्धात बाजू बदलतात म्हणून ते कागद फिरवून काढलेले, आपला गोल नेहमी खालीच. हे सगळं टीव्हीवरून. टीव्हीवर नसेल तिथे ज्यांनी सामना पाहिला त्यांना पत्रं लिहून. सत्तावन्न कागद एकदम ठेवले तर काळोख होतो, म्हणून दहा-दहाचे गठ्ठे. जुन्या खिडकीची काच, खाली ट्यूबलाइट, वर गठ्ठा. प्रत्येक गठ्ठ्यात एकाच जागी काळा डाग — आपल्या उजव्या बॅकच्या, म्हणजे उजव्या बचावपटूच्या मागे. तो पुढे धावतो आणि मागची जागा झाकायला कुणी सरकत नाही. सत्तावन्नपैकी एकतीस गोल तिथून. चार वर्षं, तीन प्रशिक्षक, आणि डाग तिथल्या तिथे!

कल्पेशने काचेवर वाकून पंधरा मिनिटं एकेक गठ्ठा पाहिला. मग म्हणाला, हे सगळं एका मोठ्या कागदावर गिरवतो आणि दिल्लीला समितीपुढे ठेवतो. चालेल?

चालेल म्हटलं. नाव घाल असं सांगितलं नाही. सांगायला लागू नये. नकाशा वाचायची सुरुवात खालच्या उजव्या कोपऱ्यातून करायची, हे त्याला मी तेराव्या वर्षी शिकवलंय — काय काढलं हे नंतर, कुणी काढलं हे आधी.

सुमतीने जेवायला थांबवलं. गठ्ठे छातीशी धरून गेला.

१२ जानेवारी, सोमवार

आज मुलाखत. सकाळी अकराला. कारखान्यात पाइपच्या जोडाचा एक फ्लँज चुकीचा काढला. एकतीस वर्षांत तिसरी चूक.

१४ जानेवारी, बुधवार

सत्यजीतनेच पेपर आणून टेबलावर टाकला. "काका, तुमचा कोळी चमकला."

फोटो. कल्पेश दोन्ही हातांनी मोठा कागद धरून उभा, मागे दिल्लीतलं हॉटेल. कागद माझा. मैदान माझं, बाण माझे, गोलरक्षकाची ती फुली फक्त मीच काढतो — आडवी रेघ लांब, उभी आखूड. खाली बातमी: 'कोळी यांनी स्वतः अभ्यासलेल्या छप्पन्न गोलांच्या आराखड्याने समिती प्रभावित.' स्वतः अभ्यासलेल्या! आणि छप्पन्न!

खालचा उजवा कोपरा पाहिला. भिंगातून पाहिला. कोरा. चौकटच नाही. माझं नाव जाऊ दे, त्याचंही नाही. नुसता कागद, बापाविना.

एक गोल गाळलास तो कुठला, कल्पेश? आणि एक माणूस गाळलास तो?

सत्यजीत विचारत होता, काका, असं काहीतरी तुम्ही घरी काढता ना? मी म्हटलं, नाही.

१५ जानेवारी, गुरुवार

संक्रांत. कल्पेशचे तीन फोन. उचलले नाहीत. सुमती म्हणाली, अहो, तिळगुळाचा फोन आहे, उचला तरी. मी म्हटलं, ज्याला गोड बोलायचंय त्याने कोपऱ्यात बोलायला हवं होतं.

तिला कळलं नाही. मग पेपर दाखवला. तो बघून ती म्हणाली, पेपरवाल्यांनी गाव चुकवलं तेव्हा तुम्ही पेपरवाल्यांवर चिडलात. आता चुकलंय तर एकदम पोरावर कसे?

गावाची गोष्ट वेगळी. फोटोला तोंड नसतं, तो खोटं बोलत नाही.

१६ जानेवारी, शुक्रवार

अर्धी रजा टाकली. पत्र लिहिलं, महासंघाच्या निवड समितीला. चार मसुदे. शेवटी एक पान, तीन मुद्दे.

एक — गोलांची संख्या छप्पन्न नसून सत्तावन्न आहे. दोन — सदर आराखडा निम्नस्वाक्षरीकाराने चार वर्षांत स्वतः तयार केलेला असून मूळ कागद त्याने श्री. कोळी यांना विश्वासाने दिले होते. तीन — जो माणूस दुसऱ्याचं काम स्वतःचं म्हणून मांडतो, त्याच्या हाती देशाचा संघ द्यावा की नाही, याचा विचार समितीने करावा.

तिसऱ्या मुद्द्यावर सुमती अडली. म्हणाली, पहिले दोन पाठवा, तिसरा राहू दे. नाहीतर आधी फोन करा, एकच. मी म्हटलं, तिसऱ्यासाठीच तर पहिले दोन आहेत.

इंग्रजी रोडपालीच्या टायपिंगवाल्याकडून तपासून घेतलं. त्याने दोन चुका काढल्या, त्यातली एक चूक नव्हतीच. स्पीड पोस्ट. पावती वहीत चिकटवली आहे. कधी नव्हे ते खाली माझं नाव, माझ्या हाताने.

१७ जानेवारी, शनिवार

झोप चांगली लागली.

२० जानेवारी, मंगळवार

पत्र काल पोचलं. पोस्टाच्या साइटवर सत्यजीतने बघून दिलं. कसलं पत्र ते त्याला सांगितलं नाही.

कल्पेशचा फोन आज एकदाच वाजला. तोही दोन रिंगांत थांबला.

२७ जानेवारी, मंगळवार

जाहीर झालं. परदेशी. दोघांतला वयाने मोठा. छापलेली मुलाखत वाचली — म्हणे भारताला 'दूरदृष्टी'ची गरज आहे. बाबा, दूरदृष्टी राहू दे, आधी उजव्या बॅकच्या मागे बघ! एकतीस गोल तुझी वाट बघत उभे आहेत. किती सामने पाहिलेस आमचे? मुलाखतीत सांगतो, दोन. दोन! मी गेल्या चार वर्षांतला एक चुकवला नाही, आणि मला पात्रतेच्या पहिल्या कलमातच दाराबाहेर उभं केलंय.

समितीने म्हणे 'सर्व बाबींचा साकल्याने विचार' केला. कल्पेशबद्दल एक ओळ: 'काही प्रश्न उपस्थित झाल्याने त्यांचं नाव मागे पडलं.' कसले प्रश्न, ते लिहिलेलं नाही.

माझं पत्र कुणी वाचलं असेल असं वाटत नाही. अशी पत्रं तिथे पोत्याने येतात. परदेशीच आणायचा होता, आधीपासून ठरलेलं होतं. पाच तारखेलाच छापून आलं होतं की!

 

२९ जानेवारी, गुरुवार

सत्यजीत म्हणाला, बघा काका, गोराच आला. मी त्याला अर्धा तास सुनावलं. तो ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, पण तुमचा कोळी झाला असता तर तुम्हाला आवडलं असतं का? मी टी-स्क्वेअर पुसत बसलो.

१ फेब्रुवारी, रविवार

सकाळी जनी आली. बाजार सोडून, पहिल्यांदाच आमच्या घरी. हातात कागदाची गुंडाळी. कल्पेश गोव्याला परत गेला, जाताना हे काकांना दे म्हणाला.

उलगडली. दिल्लीला दाखवलेला तोच मोठा कागद. खालचा उजवा कोपरा. चौकट आहे. काढले — क. नागवेकर, पनवेल. गिरवले — क. कोळी. चौकटीतल्या मथळ्यात सत्तावन्न. गुंडाळीत आणखी एक कागद — प्रशिक्षक झालो तर मदतीला कोण पाहिजेत, त्याची यादी. दुसरं नाव माझं. पदवीच्या रकान्यात लिहिलंय: 'नाही. तरीही पाहिजेत.'

पेपरातला फोटो काढला. पट्टी लावली. फोटोतला कागद ८.७ सेंटिमीटर रुंद, उंची ५. मूळ कागदाच्या प्रमाणात असायला हवी होती ६.१५. खालचा पाचवा हिस्सा छापताना कापलाय. अठरा दिवस समोर होता. भिंग लावलं, पट्टी लावली नाही.

जनी पाटावर बसून सांगत होती, "नाव ठरल्यात जमा व्हतं, भाऊ. मंग कुनाची तरी चिठ्ठी गेली, ह्यानं नक्षे चोरले म्हनून. कुनाची, ते पोर सांगत नाय. तुमी लिवनारे मानूस. तुमी धाडा ना एक चिठ्ठी दिल्लीला — पोर तसा नाय म्हनून. तुमचा ऐकतील."

आत सुमतीच्या चहाच्या भांड्याचा आवाज थांबला.