नक्कीसाठी तीन शब्द

३ मार्च
जपानला जाणार. वृद्धाश्रमात काम. मुलाखत मेमध्ये, ऑनलाइन. जालन्याच्या क्लासमधल्या नाहिद मॅडम म्हणाल्या, तोवर रोजच्या वापरातले शब्द तोंडपाठ करा. मी मराठीचा एम.ए. घोकंपट्टी माझ्यासाठी नाही. मी भाषेच्या आत शिरणार.

वडील म्हणाले, कल्याण, या खेपेला जमलं तर ठीक, न्हाई तर अंबडला मामाच्या बियाण्याच्या दुकानात बस. मी हसलो.

११ मार्च
शिरलो. आपल्या एका 'नक्की'साठी जपानीत तीन शब्द. कित्तो: मनाला खात्री वाटते. कानाराझू: ठरलं, चुकणार नाही. झेत्ताई: काय वाट्टेल ते होवो. मॅडम म्हणाल्या, एवढं बस झालं, पुढं चला. पुढं जाणं म्हणजे उथळपणा.

२ एप्रिल
उद्या पहाटे पाचला उठून अभ्यास. कानाराझू.

३ एप्रिल, सकाळी साडेनऊ
काल 'कित्तो' लिहायला हवं होतं. चूक उठण्यात नाही, शब्दाच्या निवडीत झाली.

१९ एप्रिल
क्लासची कहकशा बसमध्ये भेटली. आंघोळ, औषध, जेवण, सगळे शब्द पाठ म्हणे. तिला विचारलं, कित्तो आणि कानाराझू यांतला सूक्ष्म भेद सांग. ती म्हणाली, भैया, म्हाताऱ्याला टायमावर गोळी दिली म्हंजे झालं, भेद तुम्हीच ठेवा. वाईट वाटलं. तिच्यासाठी.

१४ मे
उद्या मुलाखत. आंघोळ आणि औषध राहिलं. संदर्भाने कळेल.

१५ मे, दुपारी
झाली. क्लासमधल्या स्क्रीनवर दोन जपानी साहेब, एक बाई. नाव, गाव उत्तम सांगितलं. मग बाईंनी विचारलं, रात्रपाळीला याल का. प्रश्न समजला. अभ्यास फळला. आता फक्त शब्द. कित्तोत भावना फार. झेत्ताई उद्धट. कानाराझू म्हणजे वचन, आणि मी स्वतःला ओळखतो. तोलत राहिलो. शरीर अजिबात हलू दिलं नाही, तिकडे ते सभ्य दिसतं. मॅडम शेजारून कुजबुजल्या, अरे, साधं हो म्हण. साहेब एकमेकांशी काही बोलले. बाईंनी हात हलवून पाहिला. मग स्क्रीन काळी.

त्यांचा मेसेज आला: उमेदवाराचं चित्र अडकलं आहे, नेट तपासा.

मॅडमनी राउटर बंद करून चालू केला. पुन्हा जोडलं, तर त्यांनी पुढचा उमेदवार मागितला.

२३ मे
कहकशाची निवड. रात्रपाळीचं विचारल्याबरोबर हो म्हणाली म्हणे. विचारच केला नाही. अशी माणसं घेतात. माझं नेटमुळे गेलं. तिचे पेढे खाल्ले. चांगले होते.

१२ जून, सकाळी
मामाच्या दुकानात. तात्पुरता.

१२ जून, दुपारी
कुंभार पिंपळगावचे एक काका आले. सोयाबीनची बॅग उलटीपालटी करून म्हणाले, उगवंल का बराबर? प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही. बियाणं चांगलं, पण पाऊस आहे, जमीन आहे, काका स्वतः आहेत. किती नक्की म्हणायचं? तोलून उत्तर ठरलं आणि वर पाहिलं, तर काका समोरच्या दुकानात बॅग खांद्यावर घेत होते.

मामा ओरडला, अरे, उगवंल म्हण की येड्या, जीभ झडली काय?

संध्याकाळी
मामानं मला मागच्या गोदामात बसवलं. तिथं कोणी काही विचारत नाही.